भिंतीची जाडी कोणी ठरवायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घर बांधणे हा माणसाच्या आयुष्यातील अत्यंत खासगी निर्णय मानला जातो. जागा कोणती, खोल्या किती, दार कोणत्या दिशेला, हे ज्याचे त्याने ठरवावे, त्यात शासनाचा किंवा समाजाचा काय संबंध, असे सर्वसाधारण मत असते. जेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो त्या उत्तर युरोपात घर बांधणाऱ्या कुटुंबापुढे आणखी दोन प्रश्न उभे राहतात. घर कशाने तापवायचे, हा एक; आणि आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीत, छपरात व जमिनीखाली उष्णतारोधक थर किती जाड घालायचा, हा दुसरा. वरवर पाहता हे अभियंत्याचे प्रश्न आहेत. परंतु थोडे खोल गेले की त्यांच्या पोटात अर्थशास्त्रातील तीन जुने वाद दडलेले दिसतात. आजचा खर्च आणि उद्याची बचत कोणत्या मापाने तोलायची? पैसा एकाने घालायचा आणि लाभ दुसऱ्याने घ्यायचा, तेव्हा काय करायचे? आणि सर्वांच्या हितासाठी नियम केला तर त्याचा भार कोणी उचलायचा? आजचा विषय या तीन वादांचा आहे. भिंत हे केवळ निमित्त.

प्रथम त्यामागील पदार्थविज्ञान ध्यानात घेतले पाहिजे. उष्णता उबदार जागेकडून थंड जागेकडे वाहते, आणि ती किती वेगाने वाहते हे मधल्या पडद्यावर अवलंबून असते. एकपदरी काचेच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर तापमानात एका अंशाचा फरक असताना, सुमारे साडेपाच वॉट उष्णता निसटते. तीनपदरी, विशेष लेप दिलेल्या आधुनिक तावदानातून हेच प्रमाण सुमारे ०.८ वॉटपर्यंत खाली येते. आत वीस अंश आणि बाहेर शून्य अंश असेल, आणि घराला वीस चौरस मीटर खिडक्या असतील, तर पहिल्या प्रकारात एकवीस-बावीसशे वॉट आणि दुसऱ्या प्रकारात तीन-सव्वातीनशे वॉट सतत वाया जातात. भिंतीचेही असेच. जुन्या भरीव विटांच्या भिंतीसाठी हा आकडा सुमारे दोन वॉट असतो. तिच्यावर दहा सेंटीमीटर चांगला उष्णतारोधक थर चढवला की तो ०.३३ च्या आसपास येतो. वीस सेंटीमीटरला ०.१८, आणि तीस सेंटीमीटरला ०.१३ च्या जवळपास.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या आकड्यांत घटत्या सीमान्त लाभाचा नियम तत्काळ दिसेल. पहिल्या दहा सेंटीमीटरने जवळजवळ सर्व काम केले. पुढच्या दहाने थोडे. त्यापुढच्या दहाने अगदी थोडे. मग कोठे थांबायचे? सामान्य उत्तर असे की, जेथे शेवटच्या सेंटीमीटरचा खर्च त्याने वाचवलेल्या इंधनाच्या किमतीइतका होईल तेथे. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, थराची सामग्री हा खर्चाचा एक भाग झाला. परांची बांधणे, मजुरी, गिलावा हा खर्च थर दहा सेंटीमीटरचा असो की वीसचा, साधारण तेवढाच राहतो. शिवाय तापनयंत्र पंधरा-वीस वर्षांनी बदलावेच लागते; भिंत मात्र एकदा उभी राहिली की निदान पन्नास वर्षे तशीच राहते. बॉयलर चुकीचा निवडला तर ती चूक एका पिढीत दुरुस्त होते. भिंत पातळ ठेवली तर त्या चुकीचा दंड नातवंडे भरत राहतात. म्हणून नव्या घरात क्रम असा असला पाहिजे: आधी भिंत, छप्पर, खिडक्या आणि फटी, यंत्राचा विचार त्यानंतर.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. स्वीडनचे बो आदामसन आणि जर्मनीचे वोल्फगांग फाइस्ट या दोन शास्त्रज्ञांनी १९८८ साली ज्या कल्पनेवर विचार सुरू केला, तिच्यातून जर्मनीतील डार्मस्टाट शहराच्या क्रानिखष्टाइन भागात चार घरांची एक रांग उभी राहिली. १९९१ साली तिच्यात कुटुंबे राहावयास आली. ‘पॅसिव्ह हाऊस’ या नावाने पुढे जगभर गेलेल्या मानकाचा आरंभ तो हाच. या मानकाप्रमाणे घराला वर्षाकाठी दर चौरस मीटरला केवळ पंधरा युनिटपर्यंत उष्णता लागावी. जुन्या, सुधारणा न झालेल्या घरांत हेच प्रमाण दोनशेच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. कडाक्याच्या थंडीतही अशा घराला दर चौरस मीटरला सुमारे दहा वॉट पुरतात. म्हणजे एकशेवीस चौरस मीटरच्या संपूर्ण घराला बाराशे वॉट, केस वाळवण्याच्या साध्या यंत्राइतके. गरज इतकी खाली आली की मोठे तापनयंत्र, नळ्यांचे जाळे, प्रत्येक खिडकीखालचे रेडिएटर यांची आवश्यकताच उरत नाही, आणि तो पैसा भिंतीकडे वळवता येतो. सीमान्त हिशेब एका ठिकाणी अशी उडी घेतो, हे पायरीपायरीने मोजणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मात्र हे घर म्हणजे नुसती जाड भिंत नव्हे. ते जवळजवळ वायुबंद असावे लागते. आणि वायुबंद घरात माणसांच्या श्वासाची व स्वयंपाकाची वाफ कोंडली तर भिंतींना बुरशी धरते. म्हणून बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारी वायुवीजनाची व्यवस्था त्याबरोबर हवीच. सज्जाची लादी जेथे भिंतीतून बाहेर येते, खिडकीची चौकट जेथे विटांना भिडते, अशा ठिकाणी थर तुटला की तेथून उष्णता पाझरते आणि नेमकी तेथेच ओल धरते. अर्धवट केलेले काम न केलेल्या कामापेक्षा अनेकदा घातक ठरते, हा बांधकामातील धडा सार्वजनिक धोरणालाही लागू पडतो.

आता यंत्राचा विचार. गॅसचा बॉयलर स्वस्तात बसतो. पण त्याची नळी ज्या देशातून येते त्या देशाच्या राजकारणाशी घर बांधले जाते. जर्मनीने २०२१ साली आयात केलेल्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस रशियाचा होता, आणि त्या देशातील जवळजवळ निम्मी घरे गॅसवर तापत होती. २०२२ साली युक्रेनवर आक्रमण झाले आणि त्या परावलंबनाची किंमत कामगारांच्या स्वयंपाकघरात वसूल झाली. विजेची साधी शेगडी एका युनिटाची एक युनिट ऊब देते. उष्णता-पंप हे यंत्र बाहेरच्या हवेतली, जमिनीतली किंवा पाण्यातली उष्णता उपसून आत आणते, आणि एका युनिट विजेवर तीन-चार युनिट ऊब देऊ शकते. ही कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ सालीच तिचा सिद्धान्त मांडला होता, आणि झुरिक शहराच्या नगरभवनात १९३८ पासून नदीच्या पाण्यातील उष्णता अशा पंपाने वापरली जात होती. या पंपाची एक अट मात्र आहे: पाणी जितके कमी तापवावे लागेल तितका तो काटकसरीने चालतो. जमिनीखालच्या नळ्यांत पस्तीस अंशांचे पाणी पुरत असेल तर तो उत्तम. पातळ भिंतींच्या घरात साठ-सत्तर अंशांचे पाणी मागितले तर त्याचा फायदा झपाट्याने आटतो. म्हणजे यंत्राचा प्रश्न फिरून भिंतीपाशीच येतो.

येथवरचा विचार तंत्राचा झाला. आता हिशेबाकडे वळू. उदाहरणादाखल असे धरा की एका कुटुंबापुढे एकशेवीस चौरस मीटरच्या घराचे दोन आराखडे आहेत. एकात दर चौरस मीटरला वर्षाला साठ युनिट उष्णता लागेल, दुसऱ्यात पंधरा. फरक वर्षाला ५,४०० युनिटांचा. उष्णतेचे युनिट दहा सेंटला पडते असे मानले तर बचत वर्षाला ५४० युरोंची. दुसऱ्या आराखड्याचा जादा खर्च दहा हजार युरो धरू. चाळीस वर्षांची ही बचत तीन टक्के व्याजाने आजच्या किमतीत आणली तर ती सुमारे साडेबारा हजार युरो होते. म्हणजे जाड भिंत किफायतशीर ठरते. तीच बचत सहा टक्के व्याजाने मोजली तर आठ हजारांच्या किंचित वर राहते. म्हणजे जाड भिंत परवडत नाही. घर तेच, हिवाळा तोच, विटाही त्याच. बदलला तो केवळ व्याजाचा दर.

यातील मर्म असे आहे की हा दर सर्वांना सारखा नसतो. पालिकेला किंवा सहकारी संस्थेला दीर्घ मुदतीचे कर्ज स्वस्त मिळते. चांगली नोकरी असलेल्या कुटुंबाला ते थोडे महाग पडते. ज्याची नोकरी कंत्राटी आहे त्याला ते मिळतच नाही, किंवा मिळाले तर असल्या व्याजाने मिळते की भविष्यातील बचतीची किंमत शून्यावर येते. याचा अर्थ असा की ज्याला इंधनाची बचत सर्वांत अधिक हवी त्यालाच ती परवडत नाही. अशी माणसे दूरदृष्टीची नसतात, असे एक लाडके स्पष्टीकरण दिले जाते. वस्तुतः ती आपल्या परिस्थितीचा अगदी अचूक हिशेब करीत असतात. दोष परिस्थितीत असतो. ब्रिटनमधील ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘इंधन-दारिद्र्य’ या संकल्पनेची मांडणी केली. ज्या कुटुंबाला घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागेल ते इंधन-दरिद्री, ही व्याख्या तेव्हापासून रूढ झाली. या दारिद्र्याची तीन कारणे असतात: उत्पन्न कमी, इंधन महाग आणि घर गळके. पहिली दोन कारणे वर्षागणिक बदलतात. तिसरे विटांत कोंडलेले असते.

आता दुसरा वाद. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरांत राहतात. भिंतीवर पैसा घरमालकाने घालायचा आणि इंधनाचे बिल भाडेकरूने भरायचे. मालकाला भिंत जाड करण्यात रस नाही, भाडेकरूला भिंतीला हात लावण्याचा अधिकार नाही. बाजारावर सोडले तर हे घर शंभर वर्षे थंडच राहील. कायद्याने मालकाला सुधारणेच्या खर्चाचा काही भाग दरसाल भाड्यात घालण्याची मुभा दिली. हे प्रमाण २०१९ पर्यंत अकरा टक्के होते, नंतर आठ टक्के झाले. परिणाम असा झाला की काही ठिकाणी उष्णतारोधनाच्या नावाखाली भाडे इतके वाढले की जुन्या भाडेकरूंना घर सोडावे लागले. भिंत उबदार झाली, पण ज्यांच्यासाठी ती करायची ते रस्त्याच्या पलीकडे गेले. याउलट २०२३ च्या आरंभापासून तेथे दुसरा एक कायदा अमलात आला. इंधनावरील कार्बन-आकार मालक व भाडेकरू यांच्यात दहा पायऱ्यांनी वाटला जातो. घर जितके गळके तितका मालकाचा वाटा मोठा, आणि अगदी वाईट घरात तो पंचाण्णव टक्क्यांपर्यंत जातो. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्याच खिशाला झळ लागावी, हे साधे तत्त्व त्यात आहे. दोन्ही तरतुदी एकाच देशाच्या आणि एकाच उद्दिष्टासाठी केलेल्या. पण एकीचे ओझे खाली जाते आणि दुसरीचे वर.

डेन्मार्कचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी त्या देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलातून येत होती. काही महिन्यांतच तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. तेव्हा प्रत्येक घरमालकाला चांगला बॉयलर घेण्याचा उपदेश करून तो देश थांबला नाही. १९७९ साली उष्णता-पुरवठ्याचा कायदा करण्यात आला आणि कोणत्या वस्तीला ऊब कोठून मिळेल याची आखणी पालिकांकडे सोपवण्यात आली. वीजनिर्मिती केंद्रात वाया जाणारी उष्णता जमिनीखालच्या नळ्यांतून घरोघर नेण्यात आली. आज तेथील सुमारे दोन-तृतीयांश घरे अशा सामुदायिक पुरवठ्यावर तापतात. यातील विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या संस्था बहुतांशी पालिकांच्या किंवा ग्राहकांच्या सहकारी मालकीच्या आहेत, आणि उष्णतेचा दर आवश्यक खर्चावर आधारलेला असावा, त्यातून नफा काढू नये, हे तत्त्व कायद्याने स्वीकारलेले आहे. नळी घरात शिरली की ग्राहकाला दुसरा पर्याय उरत नाही. जेथे पर्याय नाही तेथे नफ्याला मोकळीक देणे म्हणजे खंडणीला मान्यता देणे, एवढे सरळ तर्कशास्त्र त्यामागे आहे.

इंग्लंडमध्ये नॉर्विच या शहराच्या पालिकेने गोल्डस्मिथ स्ट्रीटवर पॅसिव्ह मानकाची सुमारे शंभर घरे बांधली. ती श्रीमंतांची उपनगरातील हौस नव्हती. पालिकेने भाड्याने देण्यासाठी बांधलेली ती रांगेतील घरे होती. २०१९ साली वास्तुरचनेसाठी ब्रिटनमध्ये दिला जाणारा स्टर्लिंग पुरस्कार त्यांना मिळाला. उत्तम मानक आणि सामान्य माणसाचे घर यांत मूलतः विरोध नाही, याचा याहून वेगळा पुरावा नको. आणि त्याच देशात २००६ साली असे जाहीर झाले होते की २०१६ पासूनची सर्व नवी घरे शून्य-कार्बन असतील. ते धोरण २०१५ च्या जुलैमध्ये गुंडाळण्यात आले. नियमांचा जाच कमी केला तर घरे अधिक बांधली जातील, असा युक्तिवाद होता. बांधकाम-कंपन्यांचा खर्च त्यामुळे वाचला असेल. पण त्यानंतर बांधलेल्या घरांत जी कुटुंबे राहावयास गेली त्यांनी २०२२ च्या हिवाळ्यात त्या बचतीची परतफेड केली.

परंतु आपल्या बाजूच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या पालिकेच्या भाडेकरूंच्या इमारतीला आग लागली आणि बहात्तर माणसे मृत्युमुखी पडली. इमारतीच्या नूतनीकरणात बाहेरून जे आवरण आणि जो उष्णतारोधक थर चढवला होता, तो ज्वालाग्राही होता. रहिवाशांच्या संघटनेने सुरक्षिततेविषयी वारंवार इशारे दिले होते. त्यांची दखल घेतली गेली नाही. उष्णता वाचवणारी भिंत माणसे वाचवणारी असेलच असे नाही. मानकात केवळ एक आकडा लिहून भागत नाही. सामग्री कोणती, तपासणी कोणाची आणि राहणाऱ्यांचा आवाज कोण ऐकणार, हेही त्यात यावे लागते.

दुसरा इशारा राजकीय आहे. जर्मनीच्या संसदेने सप्टेंबर २०२३ मध्ये एक दुरुस्ती संमत केली. १ जानेवारी २०२४ पासून अमलात आलेल्या त्या दुरुस्तीने नव्या वसाहतींतील नव्या घरांच्या तापनयंत्रात निदान पासष्ट टक्के ऊर्जा नवीकरणीय असावी, असे बंधन घातले. जुन्या घरांना मुदत दिली. हेतू योग्य होता. परंतु विधेयक लोकांपुढे आले तेव्हा बंदी प्रथम कानावर पडली आणि मदतीचा तपशील मागाहून आला. पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धाला वाटले की आपला चालता बॉयलर काढून नेणार. विरोधकांनी ती भीती कुशलतेने वापरली. घाईविषयी तक्रार होऊन संविधान न्यायालयाने जुलैमधील मतदान थांबवले. पुढे कमी उत्पन्नाच्या घरमालकांना अधिक अनुदान, आणि यंत्र बदलण्यासाठी एकूण सत्तर टक्क्यांपर्यंत साहाय्य, अशी चांगली व्यवस्था झाली; पण तोवर मने बिथरली होती. या अनुभवापासून कार्यकर्त्याने घ्यावयाचा बोध असा की ज्याच्यावर भार पडणार त्याला आधार काय, हे पहिल्याच दिवशी आणि पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे. न्याय हा धोरणाला मागाहून जोडायचा परिशिष्टाचा भाग नव्हे.

आपल्याकडील श्रोत्याला हा विषय दूरचा वाटेल. लडाख सोडले तर घर तापवण्याचा प्रश्न या देशात फार थोड्यांपुढे आहे. लडाखमध्ये फे या गावी सेकमॉल संस्थेने मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेचे ऊन यांवर हिवाळा काढणाऱ्या इमारती उभारल्या आहेत. त्या अवश्य अभ्यासाव्यात. पण उष्णता थंड देशातच वाहते असे नाही. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाच्या घरात ती उलट्या दिशेने वाहते. आतली ऊब टिकवणारा थर बाहेरचा दाहही अडवतो. केंद्र सरकारने २०१८ साली ‘इको निवास संहिता’ तयार केली. तिच्यात छपरातून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला, दर अंशाला, १.२ वॉट अशी सुचवली आहे. उघड्या पत्र्यातून याच्या कितीतरी पट उष्णता आत येते. परंतु ही संहिता नव्या, मोठ्या निवासी प्रकल्पांचा विचार करते. पत्र्याखालच्या माणसापर्यंत ती पोहोचत नाही. ज्याला परवडते तो वातानुकूलन यंत्र लावतो आणि आपल्या खोलीतली उष्णता गल्लीत फेकतो. गल्लीत कोण राहते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे परत येऊ. भिंतीची जाडी कोणी ठरवायची? एकट्या घरमालकाने ठरवली तर ती त्याच्या व्याजदराने ठरते. बांधकाम-कंपनीने ठरवली तर ती विक्रीच्या दिवसापुरती ठरते. भाडेकरूला कोणी विचारत नाही आणि जे अजून जन्मालाच आले नाहीत त्यांना विचारणे शक्य नाही. पन्नास वर्षे टिकणाऱ्या गोष्टीचा निर्णय पन्नास वर्षे टिकणाऱ्या संस्थेनेच घ्यावा लागतो. ती संस्था म्हणजे लोकांनी निवडलेली, लोकांना उत्तर देणारी पालिका, सहकारी संस्था आणि विधिमंडळ. ती संस्था दुबळी असेल, भ्रष्ट असेल, ऐकत नसेल, तर तिला सुधारणे हे आपले काम आहे. आपल्या वॉर्डातील घरकुल योजनेचा आराखडा मागवून त्यात छपराखाली काय घातले आहे, एवढा एकच प्रश्न विचारण्यापासून या कामाला आरंभ करता येईल. त्या एका प्रश्नाचे उत्तर मिळवताना वर मांडलेले तिन्ही वाद कार्यकर्त्याच्या समोर आपोआप उभे राहतील, आणि तेव्हा ते पुस्तकातले राहणार नाहीत.